मधली दरी

गेल्या मार्गशीर्षात आमच्या एका जुन्या स्नेह्यांची कन्या रजेवर घरी आली असता मला भेटावयास आली. नोकरीच्या निमित्ताने ती काही वर्षे अमेरिकेत राहते. पुढे फाल्गुनात आईवडिलांना तिकडे बोलावून घ्यावे आणि त्यांना आठ दिवस मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशातील अरण्य, पक्षी आणि जमल्यास ज्वालामुखी दाखवावा, असा तिचा बेत होता. तिने माझ्यापुढे दोन अतिथिगृहांची छायाचित्रे ठेवली. दोन्ही आरेनाल नावाच्या पर्वताच्या परिसरातील, दोन्ही हिरवाईत बुडालेली, आणि दोहोंच्या सज्जांतून तोच एक रेखीव शंकू आभाळात घुसलेला दिसत होता. "काका, यातलं ज्वालामुखीपासून लांबचं कोणतं तेवढं सांगा, म्हणजे तिथलंच आरक्षण करून टाकते. आईनं धसका घेतलाय." मी नकाशा काढला, दोन्ही ठिकाणे त्यावर शोधली, आणि त्यांतले जे जवळचे होते तेच तिला सुचविले. तिला वाटले, मी चुकून उलटे बोललो. त्या संध्याकाळी चहा निवेपर्यंत तिला जे समजावून सांगितले, त्याचाच विस्तार या प्रकरणात केला आहे.

अग्नीच्या बाबतीत आपली बुद्धी चुलीपाशी घडलेली असते. चुलीपासून दोन हात मागे सरले की धग कमी होते, चार हात सरले की जाणवेनाशी होते, आणि कोणत्याही बाजूला सरले तरी हा हिशेब बदलत नाही. म्हणून ज्वालामुखीचे नाव काढताच मनुष्य स्वाभाविकपणे किती कोस दूर, एवढेच विचारतो. परंतु ज्वालामुखीतून जे बाहेर पडते त्यातले बहुतेक सारे पाण्याप्रमाणे वाहते, उतार शोधते, ओढ्यानाल्यांच्या पात्रात शिरते, आणि पात्र वळेल तिकडे वळते. तेव्हा त्याची तुलना करावयाची तर ती शेकोटीशी नव्हे, धरणाशी करावी लागेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या दिवशी धरणाच्या आसपासच्या डोंगरउतारावरील वाड्यावस्त्या जागच्या जागी राहिल्या, आणि कित्येक कोसांवरील पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, ही हकीकत ज्यांच्या घरी सांगितली जाते त्यांना अंतर आणि दिशा यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही. ज्वालामुखीजवळ मुक्काम शोधताना हीच गोष्ट ध्यानी धरावयाची असते: मुखापासून आपण किती दूर आहोत यापेक्षा मुख आणि आपण यांच्या मध्ये काय आहे, हे पाहावयाचे.

आता आरेनालकडे वळू. कोस्टा रिकाच्या वायव्य भागात, ला फोर्तुना या गावाच्या पश्चिमेस सहासात किलोमीटरांवर उभा असलेला हा पर्वत सोळाशे मीटरांहून किंचित अधिक उंच आहे आणि भूशास्त्राच्या मापाने अगदी तरुण, म्हणजे सुमारे सात हजार वर्षे वयाचा आहे. १९६८ पूर्वी त्याच्या पायथ्याशी राहणारे शेतकरी त्याला नुसता डोंगर म्हणूनच ओळखत. त्याच्या अंगावर दाट झाडी होती, उतारावर गुरे चरत होती, आणि त्यापूर्वीच्या मोठ्या उद्रेकाला सुमारे पाच शतके लोटून गेल्यामुळे कोणाच्या आजोबापणजोबांनीही त्यातून धूर निघालेला पाहिलेला नव्हता. २८ जुलै १९६८ च्या रात्री जमीन पुन:पुन्हा हादरू लागली. आणि २९ जुलैच्या सकाळी साडेसातच्या सुमारास पर्वताची पश्चिम बाजू फुटून तीन नवी मुखे उघडली. ताबाकोन आणि प्वेब्लो न्वेवो ही दोन खेडी उद्ध्वस्त झाली, सुमारे ऐंशी माणसे प्राणास मुकली, आणि आकाशात फेकले गेलेले धोंडे पाच किलोमीटरपर्यंत जाऊन जमिनीत खड्डे पाडीत आदळले. पूर्वेकडील ला फोर्तुना मात्र सुरक्षित राहिले. पर्वत एकच, सकाळ एकच. पश्चिमेस होते त्यांचे सर्वस्व गेले आणि पूर्वेस होते त्यांच्या भिंतीला तडाही गेला नाही. या एका गोष्टीचे मनन केले तरी मुक्कामाची जागा निवडण्याच्या विद्येचा अर्धा भाग हाती येतो.

त्या दिवशी सुरू झालेला उद्रेक २०१० पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, या ना त्या रूपाने चालूच राहिला. शिखराजवळच्या मुखातून घट्ट, मंदगती शिलारस बाहेर येई, त्याचे तापलेले ठोकळे उतारावरून गडगडत, आणि रात्री ते तांबड्या रेषा ओढीत खाली येताना दिसत. हा देखावा पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी लोटू लागले. १९८७ साली पर्वताच्या दक्षिण अंगाला, मॅकाडेमियाच्या एका बागेच्या भूमीवर, संशोधकांच्या सोयीसाठी एक वेधशाळेवजा निवास उभारण्यात आला. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ तेथे राहून पर्वताची नोंद ठेवीत. पुढे तेच ठिकाण प्रवाशांसाठी खुले झाले. माझ्यापुढे ठेवलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक त्याचे होते. शिखरापासून त्याचे सरळ रेषेतील अंतर पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि तो आकडा वाचूनच माझ्या स्नेह्यांच्या पत्नीने धसका घेतला होता.

परंतु नकाशावर बोट ठेवून पाहिले असता ध्यानात येते की पर्वताचा उतार आणि त्या निवासाची टेकडी यांच्यामध्ये एक खोल दरी आहे. तिच्या तळाशी आग्वा काल्येंते नावाची नदी वाहते. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ ऊन पाणी असा होतो, आणि कोकणात ज्यांना आपण उन्हाळे म्हणतो, ज्यांच्यावरून उन्हेरे, उन्हवरे अशी गावांची नावे पडली, त्यांचेच हे सातासमुद्रापलीकडील भावंड म्हणावे. (उष्णतेचा स्रोत मात्र भिन्न आहे: कोकणात पाणी खडकांतील भेगांवाटे खूप खोल उतरून तापून वर येते, तेथे ज्वालामुखीच्या पोटातील निखारा ते तापवितो.) या बाजूने शिलारस किंवा तप्त राखेचा लोट खाली आलाच, तर तो प्रथम या दरीत उतरेल आणि नदीच्या पात्राने पुढे निघून जाईल, पलीकडच्या टेकडीवर चढून जाण्याइतकी त्याची शक्ती सहसा उरणार नाही. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे राहून पर्वत न्याहाळावयाचे ठिकाण निवडताना ही दरी आधी पाहिली असेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ज्याला निवड करावयाची आहे त्याने ज्यांचे पोटच या निरीक्षणावर अवलंबून आहे अशा लोकांनी आपली खोली कोठे बांधली आहे ते पाहावे, हा दाखला मी अनेकांना देत आलो आहे.

दुसरे छायाचित्र याहून दूरच्या, परंतु पर्वतावरून सरळ खाली उतरणाऱ्या एका ओढ्याच्या काठावरील जागेचे होते. तिकडे मधे दरी नव्हती. उलट, दरीचे तोंडच त्या अंगणात उघडत होते. २३ ऑगस्ट २००० रोजी आरेनालच्या माथ्यावरील शिलारसाचा काही भाग ढासळून ईशान्येच्या उतारावरून तप्त लोट खाली आले, आणि त्यांत एका स्थानिक वाटाड्यासह दोघांचा अंत झाला. तीस वर्षे सारा उत्पात मुख्यतः पश्चिमेकडे चाललेला असताना त्या दिवशी तो दुसऱ्या अंगाने आला. मुखाचा काठ जिकडे खचेल तिकडे वाट फुटते. म्हणून भूतकाळातील नोंद पाहावी ती पाहावीच, पण केवळ तिच्यावर विसंबून अमुक बाजू कायमची निर्धोक, असा निवाडा देऊ नये.

येथे जरा थांबून, ज्वालामुखीतून येते ते नेमके काय, हे सांगितले पाहिजे, कारण प्रत्येक वस्तूची चाल निराळी आहे. शिलारसाची धास्ती लोकांना सर्वांत अधिक वाटते, आणि प्राणहानीच्या दृष्टीने तोच सर्वांत कमी घातक ठरतो. तो बहुधा माणसाच्या चालीहूनही मंद सरकतो. इटलीतील एटना पर्वताच्या उत्तर अंगावरील पियानो प्रोवेन्झाना येथील हॉटेले २००२ साली त्याने गिळली. इमारती गेल्या, माणसांना वाटेतून दूर होण्यास अवकाश मिळाला. खरा काळ म्हणावयाचा तो तप्त वायू आणि राख यांचा एकत्र मिसळून जमिनीलगत धावणारा लोट. त्याचे तापमान कित्येक शे अंश सेल्सियस असते आणि वेग असा की मोटारीत बसलेल्या माणसालाही त्याच्यापुढे निभाव लागण्याची खात्री नसते. ज्या पर्वताचा स्वभाव असे लोट सोडण्याचा आहे त्याच्या ओढ्याकाठी राहू नये, यापलीकडे त्यावर उपाय नाही.

तिसरा चिखलाचा लोट. जावा बेटावरील लोक त्याला लाहार म्हणतात, आणि शास्त्रानेही तोच शब्द जगभर रूढ केला आहे. शिखरावरचे बर्फ वितळले, किंवा साठलेल्या राखेवर मुसळधार पाऊस कोसळला, म्हणजे राख, धोंडे, झाडे यांना पोटात घेऊन ओल्या सिमेंटसारखा दाट लोट नदीच्या पात्राने धावू लागतो. कोलंबियातील नेवादो देल रुईस या हिमाच्छादित पर्वताचा १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री उद्रेक झाला. तो उद्रेक आकाराने तसा मध्यमच होता. पण माथ्यावरील बर्फ वितळून निघालेला चिखल पर्वतापासून सत्तर किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या आर्मेरो या गावी सुमारे अडीच तासांनी पोचला, आणि गावातील व आसपासची मिळून सुमारे तेवीस हजार माणसे त्याखाली गेली. सत्तर किलोमीटर! पर्वत धड दिसतही नसेल इतक्या अंतरावर निजलेली ती माणसे होती. अधिक दुःखाची गोष्ट ही की १८४५ साली त्याच जागेवर तसाच चिखल येऊन गेलेला होता, त्याच निक्षेपावर पुढे गाव वसले, आणि उद्रेकाच्या अवघा महिनाभर आधी तयार झालेल्या धोक्याच्या नकाशात आर्मेरो धोक्याच्या हद्दीत दाखविलेले होते. नकाशा होता, मजकूर होता, वेळही होता. हुकूम मात्र सुटला नाही. म्हणून प्रवाशाने अतिथिगृहाच्या मालकाला खोलीचा दर विचारण्यापूर्वी सरकारी धोकानकाशा विचारावा. बहुतेक जागत्या ज्वालामुखींचे असे नकाशे त्या त्या देशाच्या भूशास्त्र खात्याने प्रसिद्ध केलेले असतात आणि ते कोणालाही पाहावयास मिळतात.

या साऱ्या विवेचनात भीतीच फार झाली, असे वाचकास वाटू नये. ज्वालामुखीच्या काठी राहण्यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कोणत्याही प्रवासात नाही, आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ तो आनंद प्रवाशांना देत आलेले एक घर आहे. हवाई बेटावरील किलाउआ ज्वालामुखीच्या विस्तीर्ण कुंडाच्या अगदी काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर, व्होल्केनो हाउस या नावाचे हॉटेल उभे आहे. त्याचा आरंभ १८४६ मधील एका गवती झोपडीपासून झाला. १८६६ मध्ये मार्क ट्वेन तेथे उतरला होता. १८७७ मध्ये लाकडी इमारत झाली, आणि आजची इमारत १९४१ ची आहे. १८७७ नंतर बांधलेली इमारत १९४० साली आगीत भस्मसात झाली, परंतु ती आग किलाउआची नव्हती; ती हॉटेलच्या मुदपाकखान्यात लागली होती.

त्या घरातील मला सर्वांत प्रिय वस्तू म्हणजे तेथील नोंदवही. १८६५ साली एका प्रवाशाने ती हॉटेलला भेट दिली, आणि येणाऱ्या मुसाफिरांनी नुसते नाव-गाव लिहून न थांबता कुंडात त्या दिवशी काय पाहिले ते नोंदवावे, अशी विनंती तीत केली. लोकांनी ती मनोभावे पाळली. कोणी शिलारसाच्या तळ्याचा आकार अंदाजाने लिहिला, कोणी रात्री दिसलेल्या ज्वाळा मोजल्या, कोणी पेन्सिलीने कुंडाचे रेखाचित्र काढले, कोणी केवळ धुके आणि निराशा नोंदविली. तेथे शास्त्रीय वेधशाळा स्थापन झाली ती १९१२ मध्ये; त्याआधीच्या जवळजवळ अर्धशतकाचा किलाउआचा इतिहास जुळविताना शास्त्रज्ञांना या मुसाफिरी दफ्तराचा फार उपयोग झाला. अतिथिगृह निवडताना त्या घराला आपल्या पर्वताविषयी अशी आस्था आहे काय, तेथील कोणी रोज सकाळी त्याच्याकडे पाहून काही टिपून ठेवतो काय, हे पाहावे. गादी किती मऊ आहे याहून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण ज्या घरात पर्वताचे नित्य निरीक्षण होते तेथेच त्याच्या स्वभावातील बदल प्रथम लक्षात येतो.

किलाउआच्या काठावरील ही जागा टिकली याचे एक कारण वाऱ्यात आहे. हवाईत वर्षाचा बहुतेक काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, आणि हॉटेल कुंडाच्या उत्तर-ईशान्य काठावर असल्यामुळे हालेमाउमाउ या मुख्य विवरातून निघणारा गंधकयुक्त वायू सामान्यतः विरुद्ध दिशेस, नैर्ऋत्येच्या काउ वाळवंटाकडे जातो. तो प्रदेश ओसाड राहण्यास या वायूमुळे पडणारा आम्लयुक्त पाऊसही कारणीभूत आहे. वारा फिरला म्हणजे मात्र काठावरही खोकल्याची उबळ येते. ज्यास दमा आहे, हृदयविकार आहे, किंवा ज्याच्या बरोबर तान्हे मूल आहे, त्याने वाऱ्याची प्रचलित दिशा विचारल्याशिवाय ज्वालामुखीजवळ मुक्काम करू नये. ही चौकशी प्रवासी क्वचितच करतात, आणि नित्याच्या त्रासाचे कारण बहुतकरून हेच असते. आरेनालच्या बाबतीत वारे पूर्वेकडून येऊन राख आणि वायू पश्चिमेकडील सरोवराकडे नेत असत. माझ्या स्नेह्यांना दक्षिण बाजूचे घर सुचविण्यास तेही एक कारण होते.

२०१८ च्या मे महिन्यात किलाउआने जे केले ते या प्रकरणाच्या प्रतिपाद्याचा जणू पुरावाच होय. शिलारस शिखरावर न येता जमिनीखालील भेगांच्या पट्ट्यातून पूर्वेकडे निघून गेला, आणि शिखरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवरील लेलानी एस्टेट्स या नागरी वसाहतीच्या रस्त्यांतून, परसदारांतून बाहेर फुटला. सातशेहून अधिक घरे नष्ट झाली. इकडे शिखराचे कुंड खाली खाली खचत गेले, भूकंपांनी वेधशाळेची इमारत निकामी केली, राष्ट्रीय उद्यान ११ मे पासून २२ सप्टेंबरपर्यंत बंद राहिले. परंतु कुंडाच्या काठावरचे ते जुने हॉटेल उभेच होते. ज्या पट्ट्यात लेलानी एस्टेट्स वसली होती त्याला अमेरिकेच्या भूशास्त्र खात्याने पूर्वीच नऊ श्रेणींपैकी पहिल्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या श्रेणीत घातले होते. काठावरचे घर वाचले म्हणून काठ सुरक्षित, असा अर्थ कोणी यातून काढू नये. १९२४ च्या मे महिन्यात याच हालेमाउमाउमधून वाफेचे स्फोट होऊन टनावारी वजनाचे धोंडे उडाले होते आणि जवळ गेलेला एक छायाचित्रकार त्यात दगावला. कोणत्या धोक्याची वाट कोठून जाते, एवढाच प्रश्न आहे, आणि प्रत्येक पर्वत त्याचे उत्तर स्वतंत्र देतो.

अमेरिकेच्या वायव्येस माउंट सेंट हेलेन्सच्या पायथ्याशी, स्पिरिट सरोवराच्या काठी, हॅरी ट्रुमन नावाच्या एका वृद्धाचे असेच एक विश्रामगृह होते. पन्नासहून अधिक वर्षे त्याने ते चालविले. १९८० च्या वसंतात पर्वताची उत्तर बाजू दररोज दीडदोन मीटर या गतीने फुगत चालली, अधिकाऱ्यांनी मुलूख रिकामा करविला, तरी त्र्याऐंशी वर्षांच्या ट्रुमनने आपल्या सोळा मांजरांसह तेथेच राहण्याचा हट्ट सोडला नाही. पर्वत आणि आपण यांच्यामध्ये झाडी आहे, सरोवर आहे, असे तो म्हणे. १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ती फुगलेली बाजू एकदम ढासळली, आतला कोंडलेला वायू आडवा बाहेर पडला, आणि झाडी, विश्रामगृह, सारे काही दरडीखाली खोल गाडले गेले. त्या दिवशी सत्तावन माणसे गेली. मधे काय आहे हे पाहावे, असे मी वर लिहिले खरे. पण जेव्हा पर्वताचे अंगच कोसळावयास येते तेव्हा मधल्या झाडीला आणि पाण्याला काही अर्थ उरत नाही, आणि सरकारचा निघून जाण्याचा हुकूम आला की दरीचा आधार सांगत बसावयाचे नसते. त्या म्हाताऱ्याचे आपल्या घरावरील प्रेम खरे होते, आणि ते वाचून मन हेलावते. परंतु प्रवाशाला ते घर आपले नसते.

सरकारी इशाऱ्याची पातळी खालची आहे एवढ्यावर निर्धास्त होणे हेही बरे नव्हे. जपानमधील ओन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शरदातील एका शनिवारी, दुपारच्या बाराच्या सुमारास, माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी असताना, इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची असताना वाफेचा स्फोट झाला आणि त्रेसष्ट माणसे मृत वा बेपत्ता झाली. न्यूझीलंडच्या व्हाइट बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी स्फोट झाला तेव्हा तेथे सत्तेचाळीस जण होते. त्यांतले बावीस वाचले नाहीत. दोन्ही ठिकाणी माणसे मुखाजवळ गेलेली होती. दरीपलीकडच्या घरी राहून पाहणे आणि मुखाच्या काठी जाऊन डोकावणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीचा मोह ज्याला आवरत नाही त्याने आपल्या पुरती जबाबदारी जाणूनच ती करावी.

आता घराविषयी थोडे. छप्पर उतरते आणि भक्कम असावे. राख दिसावयास चुलीतल्या राखेसारखी, परंतु ती खडकाची बारीक पूड असते. पावसात भिजली की तिचे वजन असे वाढते की १९९१ साली फिलिपीन्समधील पिनातुबोच्या उद्रेकात, नेमके त्याच दिवशी आलेल्या वादळी पावसामुळे, छपरे कोसळूनच शेकडो लोक चिरडले गेले. सपाट गच्चीची इमारत सुंदर दिसली तरी ती टाळावी. बाहेर पडण्याचे रस्ते दोन असावेत, आणि त्यांतला निदान एक ओढ्यावरील पूल न ओलांडता जाणारा असावा. आल्या दिवशी, उजेड असतानाच, त्या रस्त्याने पायी फिरून यावे. अंधारात आणि राखेत वाट पायांना ओळखीची असलेली बरी. पाणी कोठून येते तेही विचारावे, कारण राख पडली की उघडे झरे पहिल्या तासात गढूळ होतात.

आणि अपेक्षा आधीच जुळवून घ्यावी. आरेनालच्या रात्रींच्या तांबड्या रेषा २०१० नंतर दिसत नाहीत, तरी छायाचित्रांतून त्या अजून झळकत असतात. ज्याला धगधगता शिलारस पाहावयाचा आहे त्याने किलाउआला जावे, जेथे डिसेंबर २०२४ पासून विवरातून अधूनमधून शिलारसाची उत्तुंग कारंजी उसळत आली आहेत. आरेनालला जावे ते अरण्यासाठी: पहाटे हाउलर माकडांच्या हुंकाराने जाग येण्यासाठी, टूकन पक्ष्याची नौकेसारखी चोच पाहण्यासाठी, पानांचे तुकडे छत्रीप्रमाणे डोक्यावर धरून चाललेल्या मुंग्यांच्या रांगेपाशी तासभर बसण्यासाठी. शिखर बहुतेक काळ ढगात असते. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत ते दिसण्याचा संभव त्यातल्या त्यात अधिक. एका रात्रीसाठी जाऊन परतणारे बहुधा ढगच पाहून परततात. तीन रात्री तरी राहावे.

आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध मला नेहमी विस्मयात टाकतो. ज्याच्या कातळावर आपले गड उभे आहेत तो सह्याद्री सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या शिलारसाच्या थरांचा झालेला आहे. आणि ज्या खोल पाताळभट्टीतून तो शिलारस वर आला तिच्यावरून भारताची भूमी उत्तरेकडे सरकत निघून आली, ती भट्टी मात्र हिंदी महासागरात मागे राहिली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आज तिच्यावर रेयुनियों हे फ्रेंच बेट आहे, आणि तेथील पितों द ला फूर्नेज हा ज्वालामुखी जगातील अत्यंत जागत्या ज्वालामुखींत गणला जातो. त्याच्या विशाल कुंडाच्या काठाजवळ, सुमारे तेवीसशे मीटर उंचीवर, प्रवाशांसाठी एक साधी धर्मशाळेवजा वास्तू आहे. कुंडात वस्ती नाही, आणि उद्रेकाचे चिन्ह दिसताच प्रशासन खाली उतरण्याची वाट बंद करते. सह्याद्रीच्या जन्मस्थानी जाऊन राहण्याची ज्याला इच्छा असेल त्याने तिकडचा विचार करावा.

माझ्या स्नेह्यांचे कुटुंब फाल्गुनात आरेनालला जाऊन आले. दोन दिवस ढग हटला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, कन्येने मला कळविले, सज्जातून शंकू माथ्यापर्यंत स्पष्ट दिसला. निम्म्या उंचीपर्यंत हिरवा, वर राखाडी, आणि टोकाशी वाफेचा एक धागा. आईने मधल्या खोलगटाकडे बोट दाखवून विचारले, "हीच का ती तुझ्या काकांची दरी?" मग दुपारी १९६८ नंतरच्या शिलारसाच्या पायवाटेने त्या चालत गेल्या तेव्हा त्यांनी एक काळसर, सच्छिद्र दगड उचलून बराच वेळ हातात धरून पाहिला. त्यांचे माहेर जुन्नरकडचे. तिकडच्या कातळात अशाच वायूच्या पोकळ्या असतात, पण युगानुयुगे झिरपलेल्या पाण्याने त्या पांढऱ्या स्फटिकांनी भरून गेलेल्या असतात, आणि लहानपणी विहीर खोदताना निघालेले तसे खडे त्यांनी डबीत साठविले होते. "दगड आपलाच आहे गं," त्या मुलीला म्हणाल्या, "फक्त याची भोकं अजून रिकामी आहेत." आणि तेथून काही नेण्यास मनाई असल्यामुळे त्यांनी तो होता त्याच जागी, होता तसाच पालथा घालून ठेवला.